तारपेवाला खांबाखाली गेला

आमच्या गोरेगावच्या सोसायटीने कंपाउंड वॉलवर 'वारली थीम' करायचा ठराव पास केलाय. कंत्राटदाराने मोबाइलवर डिझाइन दाखवलं. फेर धरून नाचणारी माणसं, छान पांढरी. पण मधोमध तारपा वाजवणारा तारपेवाला नेमका गेटच्या खांबाखाली जातोय. "काही नाही साहेब, त्याला उडवतो." झालं! आता ही माणसं नाचणार कोणाभोवती?

तारपा वाजतो तो भात कापणीला आल्यावर. वाळलेल्या दुधी भोपळ्याचं वाद्य ते, आणि नाच पिकाच्या देवांचा. लग्नात भिंतीवर काढतात त्या चौकाचं तर विचारूच नका. सवाष्णी भिंत शेणा-गेरूने सारवतात, तांदळाचं पीठ पाण्यात कालवतात, बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ करतात आणि चौक काढायला बसतात. चौकात पालघट देवी, झाडाझुडपांची आणि पिकापाण्याची. वारल्यांची पुरोहित बाई, म्हणजे धवलेरी, गाणी म्हणते, लग्नही तीच लावते. चौकाशिवाय तिथे लग्नच नाही. आपण तो चौक उचलून बेडशीटवर, कॉफीच्या मगावर आणि उड्डाणपुलाच्या खांबांवर लावला. पालघट बहुतेक ठिकाणी गाळली, किनार तेवढी ठेवली.

"कला आहे, ती लोकांपर्यंत पोचायलाच हवी," असं सोसायटीतल्या एक काकू म्हणाल्या. मान्य. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनीच तर सत्तरच्या दशकात ती भिंतीवरून कागदावर आणली, लग्नाची वाट न बघता काढत राहिले. २०११ साली पद्मश्री मिळाली. मासे धरायचं जाळं त्यांनी काढलंय ते बघा कधीतरी. एवढ्या बारीक, दाट रेघा, की चित्रभर जाळंच पसरलेलं. ज्याचं पोट शेतावर आणि ओढ्यावर, त्याचाच हात असा चालतो.

आणि हे सगळं डहाणूला जाऊन बघायला नको. आरेच्या जंगलातले आदिवासी पाडे आपल्या मागच्याच रस्त्याला आहेत. बिबट्याचा व्हिडिओ ग्रुपवर आला की आपण वनखात्याचा नंबर शोधतो. पाड्यावर त्याच वाघोबाला शेंदूर लावून वाघबारशीला नैवेद्य दाखवतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं पडली तेव्हा पाड्यातल्या बायका पोलिसांसमोर उभ्या होत्या. आमच्या ग्रुपवर तेव्हा पार्किंगचं भांडण चालू होतं. (मेट्रोने मीही जातो, उगाच साधुपणाचा आव आणत नाही.) पण ज्यांची झाडं गेली तेव्हा आपण गप्प होतो, त्यांचीच चित्रं आता गेटवर हवीत, आणि तीही स्टेन्सिल मारून?

माझं म्हणणं सरळ आहे. काम पाड्यावरच्या चित्रकारांना द्या, पैसे त्यांच्या दराने द्या, काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या. देवीचा चौक गाड्यांच्या बाजूला नको म्हणाले, तर वाद घालायचा नाही. सेक्रेटरी म्हणतात बजेट बसत नाही. लॉबीतल्या इटालियन मार्बलला बसलं होतं. रविवारच्या मीटिंगला हाच मुद्दा घेऊन येतोय, ज्यांना पटतंय त्यांनी सह्यांसाठी थांबा.