पाचवीला पुजलेली लोकल

आमच्या घरात पाचवी-सहावीचा विषय निघाला की बायको आधी विचारते, "पोराची की रेल्वेची?"

ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका मंजूर झाली 2008 साली. चिरंजीव तेव्हा डोंबिवलीत बालवाडीत डबा सांडत होते. पुढे ते पाचवी झाले, सहावी झाले, सातवीत गणितात गटांगळ्या खाऊन वरही आले. मार्गिका आपली जागच्या जागी. कुर्ला ते ठाणे सहा रूळ, दिवा ते कल्याण सहा रूळ आणि मधे फक्त चार! त्या चारांत मेल-एक्स्प्रेस आणि आमची फास्ट एकाच रुळावर. अर्थात थांबायचं कुणी, हे सांगायला नको. दिव्याच्या अलीकडे चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून मी गाडीगणिक म्हातारा होत होतो.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली तेव्हा 14 डबे आणि 400 पाहुणे होते. म्हणजे डब्यात सरासरी अठ्ठावीस-एकोणतीस. आमच्याकडे तेवढे लोक दारातच असतात. शिवाय त्यांना 21 तोफांची सलामी होती. आम्हाला "बॅग पुढे घ्या" एवढंच.

हे काम व्हायचं म्हणून रविवारी मेगाब्लॉक. एकदा मामेबहिणीच्या मुलीच्या बारशाला मुलुंडला निघालो. आधी गाडी नाही, मग आली ती भरलेली, म्हणून गर्दीतल्या एका अनुभवी काकांचं ऐकून उलटं कल्याणला जाऊन बसून आलो. पोचलो तेव्हा पाळणा हलवून झाला होता, बाळाचं नाव ठेवून झालं होतं आणि आता सगळे आम्हाला नावं ठेवत होते. घुगऱ्याही संपल्या होत्या.

शेवटी फेब्रुवारी 2022 मध्ये 72 तासांचा ब्लॉक घेऊन मार्गिका एकदाची पास झाली. पोरगा बारावीला होता. मी पेढे आणले. बायकोने दोघांनाही एकेकच दिला, शुगर आहे म्हणून.

त्यानंतरच्या एका शनिवारी पेपर उघडला. 'ठाणे-कल्याण पाचव्या-सहाव्या मार्गिकेवर उद्या मेगाब्लॉक. मेल-एक्स्प्रेस जलद मार्गावर वळवणार.' मी मोठ्याने वाचून दाखवलं.

भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "बसवली वाटतं पुन्हा पाचवीत."