गाडीचं वय नको, धूर मोजा

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीयूसीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं : ‘तुमच्या अमेरिकेत लोक गाडीला वाट्टेल ते करतात, कोणी विचारत नाही. जाच फक्त आपल्याकडे.’ 2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी पीयूसी नसेल तर पंपावर इंधन नाही, असं धोरण जाहीर केलं. तेव्हापासून तर हे वाक्य पुण्यातल्या मित्रांकडून, नाशिकच्या मावसभावाकडून, अगदी इथे कॅलिफोर्नियात दिवाळीला भेटलेल्या, नुकत्याच आलेल्या मुलांकडूनही ऐकलं. ग्रुपवर तीन ओळींत उत्तर देऊन भागत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझ्याकडे 1994 ची माझदा मियाटा आहे. दोन सीटची, छोटी, हाताने बदल केलेली. आधीच्या मालकाने हेडर, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, बदलला होता, हवा आत घेणारा एअर इनटेक बदलला होता, धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून तिथे सरळ पाइप बसवला होता आणि जास्त ओढ मिळावी म्हणून इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, 10 अंशांवरून 14 वर नेऊन ठेवलं होतं. गाडी सुंदर पळायची. पण डीएमव्हीच्या, म्हणजे इथल्या आरटीओच्या, रिन्यूअलच्या पत्रावर ‘स्मॉग सर्टिफिकेशन रिक्वायर्ड’ असं छापलेलं होतं, आणि त्यातून पुढे जे काही झालं ते ‘कोणी विचारत नाही’वाल्यांनी जरूर वाचावं.

इथे टेक्निशियन बॉनेटही उघडतो. नुसती टेललाइटच्या बाजूने तपासणी पुरत नाही. इंजिनला कंपनीने दिलेला प्रदूषण रोखणारा प्रत्येक भाग जागेवर आहे का, हे तो टॉर्च घेऊन बघतो. बदललेला भाग दिसला की त्यावरचा ईओ (एक्झिक्युटिव्ह ऑर्डर) नंबर शोधतो. हा ‘डी’ने सुरू होणारा नंबर म्हणजे राज्याच्या हवा मंडळाने, म्हणजे कार्बने, तो भाग तपासून ‘याने धूर वाढत नाही’ असं लिहून दिल्याची खूण. नंबर नसेल तर नळीतून गुलाबपाणी येत असलं तरी गाडी नापास. मग टायमिंग लाइट लावून अंश मोजतात. पेट्रोलच्या टाकीचं झाकण वाफ धरतं का, तेही बघतात. शिवाय गाडी रोलरवर चढते. ताशी 15 मैल आणि ताशी 25 मैल अशा दोन वेगांना, इंजिनवर ठरलेला भार देऊन, सायलेन्सरमधून निघणारे हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड मोजले जातात. हाती येतो तो कागद साधा असतो. प्रत्येक वायूपुढे तीन रकाने : कमाल मर्यादा, त्या मॉडेलच्या पास गाड्यांची सरासरी, आणि तुमची गाडी.

माझ्या गाडीचा तिसरा रकाना नायट्रोजनच्या ओळीत पहिल्याच्या बराच वर गेला होता. कारण उघड होतं. कन्व्हर्टर नाही, त्यात टायमिंग पुढे ओढलेलं, म्हणजे सिलिंडरमधलं तापमान वाढलेलं, आणि तापमान वाढलं की हा वायू वाढतोच. मी टायमिंग 10 अंशांवर आणलं, ऑक्सिजन सेन्सर नवा घातला, ईओ नंबरचा हेडर आणि इनटेक शोधून बसवले आणि कॅलिफोर्नियात चालणारा कन्व्हर्टर घेतला. इतर बहुतेक राज्यांत विकला जाणारा स्वस्तातला कन्व्हर्टर इथे चालत नाही. फेरतपासणीला जाताना फ्रीवेवरून चांगली तापवून नेली, कारण कन्व्हर्टर सुमारे 300 अंशांच्या पुढे गेल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. गाडी पास झाली. थोडी ओढ गेली, पण तिचा मला खेद नाही.

फ्लोरिडात अशी तपासणी नाही, मिशिगनमध्ये नाही, हे मला माहीत आहे. ग्रुपवर लगेच कोणीतरी ते टाकेल. त्या राज्यांचं मी बोलत नाही. धुरात घुसमटलेल्या शहराने काय केलं ते बघायचं असेल तर लॉस एंजेलिसकडे बघायला हवं. 1943 च्या उन्हाळ्यात तिथे धुरकं इतकं दाटलं की लोकांना शत्रूने विषारी वायू सोडला असं वाटलं. पुढे कॅलटेकमध्ये अननसाच्या वासाच्या रसायनांवर काम करणाऱ्या आरी हागेन-स्मित यांनी दाखवून दिलं, की गाड्यांचा आणि रिफायनऱ्यांचा धूर उन्हात शिजून हे धुरकं तयार होतं. हागेन-स्मित नेदरलँड्समधून आलेले. 1968 मध्ये हेच परदेशी शास्त्रज्ञ कार्बचे पहिले अध्यक्ष झाले. दर दोन वर्षांची स्मॉग चेक 1984 पासून चालू आहे. इतकी वर्षं एका गोष्टीचा पाठपुरावा केला की काय होतं, ते मी रोज इथल्या 880 फ्रीवेवरून जाताना बघतो. लांबवरचे डोंगर दिसतात.

आता आपल्याकडचं. दिल्लीत 10 वर्षांचं डिझेल आणि 15 वर्षांचं पेट्रोल वाहन म्हणजे आयुष्य संपलेलं वाहन, असं ठरवलं गेलं. 1 जुलै 2025 पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन बंद केलं, आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ते गुंडाळावं लागलं. माणसाची पंचाहत्तरी झाली म्हणून नाडी न बघताच त्याला आयसीयूत टाकण्यासारखं हे आहे. वीस वर्षांची, महिन्यातून दोनदा बाहेर निघणारी, वेळच्या वेळी प्लग-फिल्टर बदललेली गाडी आणि चार वर्षांची, ईजीआर (नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा) बंद करून रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललेली, डिझेल एसयूव्ही, यांतली कोणती जास्त घाण करते हे आरसीवरची तारीख सांगत नाही.

बरं, ती एसयूव्ही पीयूसीत सापडते का? नाही. डिझेलच्या पीयूसीत न्यूट्रलला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धूर किती काळा आहे एवढंच बघतात. नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. पेट्रोल गाडीचं मोजमाप जागेवर उभ्या इंजिनवर होतं, भार देऊन नाही, आणि खाली वाकून कन्व्हर्टर आहे की सरळ पाइप, हे कोणी बघत नाही. ज्या मोजमापावर आपण पेट्रोल द्यायचं की नाही ते ठरवणार, ते आधी मोजमाप तरी असायला नको का? दिल्लीतल्या वाहनांच्या प्रदूषणावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल 2025 मध्ये विधानसभेत मांडला गेला. मर्यादेपेक्षा जास्त धूर सोडणाऱ्या सुमारे 1.08 लाख गाड्यांनाही सर्टिफिकेट मिळाल्याचं त्यात आहे. पंपाशेजारच्या ओम्नी व्हॅनमध्ये नळी सायलेन्सरला न लावताच कागद छापून मिळतो, हे पुण्यात कोणाला सांगायची गरज नाही. कॅलिफोर्नियातही लबाडी करणारी दुकानं सापडतात, दुसऱ्याच गाडीला नळी लावून भलत्या गाडीला पास करतात. पण सापडली की परवाने जातात.

माझी खरी चिडचिड मात्र पुढच्या गोष्टीवर आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं, की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. कागदावर हे कॅलिफोर्नियापेक्षाही कडक आहे. आणि रस्त्यावर? रस्त्यावर हेडर, रीमॅप, सरळ पाइप, सगळं बिनदिक्कत चालू. कायद्याने दार पूर्ण बंद केलं की लोक खिडकीतून आत येतात, आणि मग चांगलं काम करणारा मेकॅनिक आणि धूर ओकणारी गाडी तयार करणारा मेकॅनिक, दोघंही सारखेच गुन्हेगार ठरतात. इथे मला गाडीत बदल करता येतो, कारण एक वाट ठेवलेली आहे. भाग तपासून घ्या, नंबर मिळवा, बसवा. अख्खं इंजिन बदललं तरी रेफरीकडे, म्हणजे राज्याने नेमलेल्या तपासनिसाकडे, जा. बदललेलं इंजिन गाडीच्या वर्षाचं किंवा त्यानंतरचं असेल आणि त्याची सगळी प्रदूषणाची यंत्रणा सोबत असेल, तर तो दाराच्या चौकटीवर लेबल चिकटवून देतो.

ही वाट आपल्याला अशक्य नाही, कारण ती एका बाबतीत आपण आधीच काढलेली आहे. सीएनजी किट. किटला मान्यता घ्यावी लागते, मान्यता असलेलं किट बसवून आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते, आणि मग ती गाडी कायदेशीर. लाखो गाड्या अशा फिरताहेत. असं तपासण्याचं काम करणारी, 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आमच्या कोथरूडच्या डोक्यावर, वेताळ टेकडीवर बसलेली आहे. लहानपणी पहाटे तिथे चढून जायचो. वर श्वास मोकळा व्हायचा आणि खाली उतरून कर्वे रोडला आलो की सिक्स-सीटरच्या रॉकेल-मिश्रित धुराने डोळे चुरचुरायचे. सीएनजी किटला जे जमतं ते हेडरला आणि रीमॅपला का जमू नये? कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या सफाईने लेथवर काम होतं, ते मी इथल्या महागड्या दुकानांतही क्वचित पाहिलंय. त्या माणसांना मान्यतेचा रस्ता दिला तर ते ईओ नंबरच्या तोडीचा भाग बनवतील. मला याबद्दल तिळमात्र शंका नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं की उत्तर येतं, ‘तिकडे बसून सांगणं सोपं आहे.’ परवा दादाही तेच म्हणाला. बाबांची 1996 ची मारुती 800 अजून आमच्या पार्किंगमध्ये आहे. बाबा गेल्यावर ती दादाच्या नावावर झाली. वीस वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फी ऑगस्ट 2025 पासून 10 हजार झाली, तेव्हा तो म्हणाला, ‘भंगारात देऊन टाकू. ठेवायची असेल तर तू ये आणि चालव. नियम मला फोनवर सांगू नकोस.’

मला ते लागलं, आणि लागलं ते खरं असल्यामुळे. माझं पुण्याचं लायसन्स कधीच संपलं. पासपोर्ट बदलला त्या दिवशी कोथरूडमधलं माझं मतही गेलं. ज्या शहराच्या हवेवर मी इतक्या तावातावाने लिहितो, तिथल्या नगरसेवकाला मी निवडून देऊ शकत नाही की पाडू शकत नाही. इथे मत आहे, पण स्मॉगच्या दुकानात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी मी हेडरवर तासभर बोलतो आणि घरी आल्यावर ते कोणाला मराठीत सांगावंसं वाटतं, तेव्हा समोर फोनच असतो.

आणि इथली जागा तरी किती पक्की? फोक्सवॅगनची लबाडी, म्हणजे तपासणीपुरता धूर कमी दाखवणाऱ्या डिझेल गाड्या, वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या ज्या छोट्या चमूने उघडकीला आणली, त्यात हेमंत कप्पण्णा होते. मोजमापाचं यंत्र गाडीत ठेवून त्या चमूने लॉस एंजेलिसपासून सिएटलपर्यंत गाडी पळवली. एका मॉडेलचे नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या 35 पटींपर्यंत गेलेले आढळले. सप्टेंबर 2015 मध्ये सगळ्या जगाला ते कळलं. 2019 मध्ये कप्पण्णांची नोकरी गेली, ग्रीन कार्ड मिळालेलं नव्हतं, आणि दीड दशकाहून जास्त काळ इथे काढलेल्या या माणसाला बंगळुरूला परत जावं लागलं. हागेन-स्मित अध्यक्ष झाले, कप्पण्णांना विमानात बसावं लागलं. माझं ग्रीन कार्ड वेळेत आलं. माझी मियाटा इथे आहे आणि मी तिच्या शेजारी आहे, याचं कारण एवढंच आहे. यात माझी हुशारी शोधायला गेलो तर मला काही सापडत नाही.

पण म्हणून धुराबद्दल मी गप्प बसावं, हे मला मान्य नाही. त्या धुरात मी वाढलोय. आईचा दमा त्या धुरातला आहे. वहिनी आजही स्कार्फने नाक-तोंड बांधूनच स्कूटर काढते. या शहरावर बोलायचा हक्क आरसीवर किंवा मतदारयादीत नाव असण्यावर ठरत असेल, तर तो मला नाही. पण डोळे चुरचुरण्यावर ठरत असेल, तर मला आहे.

बाबांच्या 800 ला कन्व्हर्टर नाही, कार्ब्युरेटर आहे. त्या काळच्या गाडीला पीयूसीत 3 टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो. बीएस-4 गाडीला 0.3 टक्के. गाडी ज्या काळातली त्या काळाचं माप लावायचं, हे इथेही असंच आहे आणि ते योग्यच आहे. दादाला मी कळवलंय : भंगारवाल्याला बोलवण्याआधी कार्ब्युरेटर उघडून साफ करून घे, प्लग आणि एअर फिल्टर बदल, गाडी तापवून ने आणि नळी सायलेन्सरमध्ये घालूनच मोजायला लाव, समोर उभा राहा. तीनच्या वर गेली तर मी हट्ट सोडतो, खुशाल दे भंगारात. आत आली, तर 10 हजार मी भरतो, आणि पुढच्या सुट्टीत लर्निंग लायसन्सपासून सुरुवात करतो.