कीटकभक्षी झाडाने घरातले डास कमी होत नाहीत

पावसाळा लागला की एक मेसेज फिरू लागतो: 'घरात व्हीनस फ्लायट्रॅप किंवा घटपर्णी ठेवा, डासांपासून कायमची सुटका. खायला चिकनचे बारीक तुकडे घाला. विकत घ्यायची नसेल तर कासच्या पठारावरून दवबिंदूचं (ड्रोसेराचं) रोप उपटून आणा.' यातलं पहिलं खोटं आहे, दुसऱ्याने झाड मरतं आणि तिसऱ्याने पठाराचं नुकसान होतं.

आधी डास. फ्लायट्रॅप मूळची अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलिनाच्या ओलसर, निकस जमिनीतली. तिथे तिला मिळतात ते मुख्यतः मुंग्या, कोळी, भुंगेरे असे चालत येणारे जीव. उडणारे कीटक थोडेच. तिच्या सापळ्यासारख्या पानातल्या केसांना साधारण 20 सेकंदांत दोनदा धक्का लागला तरच तो मिटतो. एक शिकार पचायला आठवडा किंवा जास्तच जातो आणि अशा मोजक्या शिकारींनंतर तो सापळा काळा पडून गळतो. डासाची मादी तर आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास यांच्या मागावर येते. घटपर्णीची गोष्ट आणखी वेगळी. रानातल्या घटपर्णींच्या घटात काही जातींच्या डासांच्या अळ्या सुखाने वाढतात.

मला खरी काळजी वाटते ती कुंडीखालच्या ट्रेची. फ्लायट्रॅप, सारासेनिया (अमेरिकेतली घटपर्णी) आणि ड्रोसेराच्या कुंड्या आपण पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवतो. डेंगी पसरवणारा एडिस डास नेमक्या अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. मेसेजवर विसंबून झाड आणलं आणि ट्रे तसाच राहिला, तर घरात डास वाढतील. आठवड्याचा 'कोरडा दिवस' या ट्रेलाही पाळायचा: पाणी ओतून द्या आणि कडा घासा, कारण अंडी कडेलाच चिकटलेली असतात.

पाण्यात तरंगणारी युट्रिक्युलारिया ही कीटकभक्षी वनस्पती आपल्या फुग्यांत डासांच्या अळ्या ओढून घेते, एवढं मात्र खरं. पण मेसेज तिच्याबद्दल नाही.

आता चिकन. सापळा मिटल्यावर आतला कीटक धडपडतो, केसांना पुन्हा पुन्हा धक्के बसतात, तेव्हा पाचकरस सुटतो. मांसाचा तुकडा हलत नाही. सापळा तरी उघडतो, नाहीतर तुकडा आतच कुजून पान घेऊन जातो. बाहेर ऊन-पावसात ठेवलेलं झाड आपलं खाणं आपण मिळवतं. ते मरतं बहुतेकदा पाण्याने आणि मातीने. बोअरचं पाणी, बागेची माती, शेणखत यातलं काहीही त्याला चालत नाही. पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) 50 पीपीएमच्या खाली हवा. पावसाचं पाणी साठवलं तर उत्तमच. माध्यम म्हणून स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ), किंवा पीट (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) आणि परलाइट (हलके पांढरे खडे). फ्लायट्रॅपला थंडीत विश्रांतीही लागते, म्हणून मुंबईत ती वर्षा-दोन वर्षांत थकते. तिथे व्हेंट्राटा ही संकरित घटपर्णी घ्यावी.

कासबद्दल मात्र राग येतो. जांभ्यावर मातीचा जेमतेम थर, त्यात नायट्रोजन नाममात्र, म्हणून तर दवबिंदू कीटक धरतो. तिथली ड्रोसेरा इंडिका वर्षायू आहे: पावसात उगवते, फुलते, बी टाकते आणि पठार सुकलं की मरते. उपटलेलं रोप कुंडीत जगत नाहीच, पुढच्या वर्षीचं बीही त्याच्याबरोबर जातं. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात 2012 साली कासचा समावेश झाला, तो उपटून नेण्यासाठी नव्हे.

हौशी लोकांच्या रोपांच्या देवाणघेवाणीतही हाच प्रश्न विचारायला हवा: रोप आलं कुठून? मेघालयातली नेपेंथिस खासियाना ही भारतातली एकमेव रानटी घटपर्णी. वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण आहे. रानातून ती उपटणं गुन्हा आहे आणि लागवडीला, विक्रीला परवाना लागतो. कुणी 'खासियाना'चं कटिंग देऊ केलं तर परवाना विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका. टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) फ्लायट्रॅप सहज मिळते, तिच्यासाठी रानात हात घालायची गरज नाही.

निळ्या किंवा सप्तरंगी फ्लायट्रॅपचं बी विकणाऱ्यांपासूनही सावध राहा. तसं झाड अस्तित्वातच नाही. खरं बी बारीक, काळं, चकचकीत असतं आणि त्यापासून पूर्ण वाढलेलं झाड व्हायला तीन-चार वर्षं सहज जातात. बियांपासूनच सुरुवात करायची असेल तर ड्रोसेरा कॅपेन्सिसचं बी मागा. ती स्वतःच परागित होऊन भरपूर बी देते, त्यामुळे ज्याच्याकडे एक कुंडी आहे तो पाकीटभर बी सहज देऊ शकतो. ते ओल्या पीटवर नुसतं भुरभुरवायचं, मातीने झाकायचं नाही. त्याला रुजायला उजेड लागतो.