24 आठवडे सरसकट नाहीत हो
आमच्या भांडुपच्या सोसायटी ग्रुपवर कालपासून फिरतंय की आता 24 आठवड्यांपर्यंत कुणालाही गर्भपात करता येतो, फक्त नवऱ्याची सही पाहिजे. दोन्ही चूक. 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत लागतं, 20 ते 24 मध्ये दोघांचं आणि तेही नियमात बसणाऱ्यांसाठीच म्हणजे बलात्कार झालेली, अल्पवयीन, मधेच विधवा किंवा घटस्फोटित झालेली वगैरे. हा बदल 2021चा, आणि 2022ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की लग्न झालं नाही म्हणून कुणाला यातून वगळू नका. 24च्या पुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं, आणि बाईचा जीव लगेच वाचवायचा असेल तर आठवडे मोजत बसत नाहीत. सहीचं म्हणाल तर बाई 18 पूर्ण असली की तिची स्वतःची संमती बास, नवऱ्याची सही कायद्यात कुठेच नाही (तरी काही जण मागतात, ते वेगळंच). 2008 मध्ये आपल्याच मुंबईतलं एक जोडपं हायकोर्टात गेलेलं, गर्भाच्या हृदयात दोष होता, तेव्हा मर्यादा 20ची, कोर्टाने परवानगी नाकारली, मग कुठे लोक मर्यादेवर बोलायला लागले. आणि कायदा बदलायला पुढे 13 वर्षं गेली!