आत्येचा फोन आणि पाचवीची उडी

रविवारी सकाळी आत्येचा फोन आला. तिच्या नातवाला यंदा पहिलीत घालायचं आहे आणि त्यावरून घरात दोन तट पडलेत. सुनेला इंग्रजी माध्यमाची शाळा हवी, आत्येला वाड्यावरची सरकारी मराठी शाळा. सून दाखला देते तो माझाच : "ती बघा, इंग्रजीच्या जोरावर परदेशात गेली, तिथल्या पोरांना इंग्रजी शिकवते." हा दाखला मला मान्य नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली. चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकले. आता थायलंडच्या ईशान्येला, ईसान भागात, एका प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवते. वय सव्वीस, नोकरीचं दुसरं वर्ष.

पहिले काही महिने रोज काहीतरी चुकत होतं. फळ्यावर मी तारीख लिहिली 2024 सालची, आणि मुलं वहीत लिहीत होती 2567. इथे बुद्धसंवत चालतं, 543 वर्षांनी पुढे. मी होकारार्थी मान डोलवायची, मुलांना तो नकार वाटायचा. उत्तर बरोबर आलं म्हणून एका मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, आमची आजी ठेवायची तसा. वर्ग एकदम चिडीचूप. डोकं हा इथे शरीराचा सगळ्यात पवित्र भाग, परक्या माणसाने त्याला हात लावायचा नसतो.

पण मनात रुतून बसली ती दुसरीच चूक. थाई भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. 'सुअय' चढत्या सुरात म्हटलं तर सुंदर, सपाट सुरात म्हटलं तर नशीब फुटकं. तिसरीतल्या एका मुलीने इंग्रजी अक्षरांचं पान फार निगुतीने काढलं होतं. मी तिच्या बाकाशी वाकून कौतुकाने म्हटलं, "सुअय", आणि सूर सपाट लागला. तिने वही मिटली. मान खाली. पुढचे कितीतरी दिवस ती वही माझ्यासमोर उघडायची ती हाताने झाकूनच. कौतुक करायला गेले आणि मूल दुखावलं, कारण त्याची भाषा मला येत नव्हती.

वर्गात माझ्यासोबत इथल्याच एक शिक्षिका असतात. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकं सराईत नाही, पण मुलांना इंग्रजी खऱ्या अर्थाने त्याच शिकवतात. हे मला एका चेंडूने दाखवलं. मुलं 'बॉल'ला 'बॉन' म्हणत. मी दहादा म्हणून दाखवलं, मुलांनी दहादा 'बॉन' म्हटलं. मला वाटलं, लक्ष देत नाहीत. शेवटी बाई उठल्या आणि त्यांनी थाई लिपीतला 'ल' फळ्यावर काढला. शब्दाच्या शेवटी आला की तो 'न' असा वाचायचा, हा थाई वाचनाचा नियमच आहे. म्हणजे मुलं नियम पाळत होती! बाईंनी ईसानमध्ये, म्हणजे मुलांच्या घरच्या भाषेत, सांगितलं, जीभ वरच्या दातांमागे लावा आणि आवाज नाकातून नाही, जिभेच्या बाजूंनी सोडा. पाच मिनिटांत निम्मा वर्ग 'बॉल' म्हणू लागला.

मला आमच्या पाचवीच्या इंग्रजीच्या बाई आठवल्या. 'व्हेस्ट' आणि 'वेस्ट' आम्हा सगळ्यांना सारखेच, दोन्हीकडे आपला 'व'. बाईंनी कोंकणीतून सांगितलं होतं : एकाला दात ओठाला लाव, दुसऱ्याला ओठांचा चंबू कर. आमची जीभ कुठे अडते ते त्यांना ठाऊक होतं, कारण त्यांचीही तिथेच अडली होती.

आता आपल्याकडच्या वादाकडे येते. नव्वदच्या सुमारास सरकारने ठरवलं की अनुदान कोंकणी आणि मराठी प्राथमिक शाळांनाच मिळेल. 2011 मध्ये ते इंग्रजी प्राथमिक शाळांनाही खुलं झालं, त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला, मोर्चे निघाले. 2012 मध्ये सरकार बदललं, पण अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालूच राहिलं. मातृभाषेतून शिक्षण हवं म्हणणाऱ्यांच्या बाजूची मी आहे, आजही. पण इतकी वर्षं भांडण झालं ते अनुदान कोणाला यावर. पाचवीबद्दल कोणी बोललं नाही.

चौथीपर्यंत मराठी किंवा कोंकणी, आणि पाचवीपासून सगळंच इंग्रजीत. ही उडी गोव्यातल्या हजारो मुलांनी मारली आहे, आणि त्यातली कित्येक पडली आहेत. माझ्या बाकावरचा मुलगा तोंडी हिशेबात वर्गात पहिला. पाचवीत गणिताच्या तासाला 'न्युमरेटर', 'डिनॉमिनेटर' सुरू झालं आणि तो गप्प झाला. अंश आणि छेद त्याला चौथीपासून येत होते. दोन्ही एकच, हे त्याला कोणी सांगितलं नाही. नववीत त्याची शाळा सुटली. माझे बाबा रोज रात्री वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने करून शब्द लिहून द्यायचे, एकीकडे मराठी, एकीकडे इंग्रजी. ते पान नसतं तर मीही गप्पच झाले असते.

या मुलांचं आणि आमचं एक साम्य आहे. घरात ती ईसान बोलतात, शाळेत थाई शिकतात. मधल्या सुट्टीत जेवण 'सॅप' असतं, घंटा झाली की तेच 'अरॉय' होतं. दोन्हीचा अर्थ चवदार. आम्ही घरात कोंकणी बोलतो, आणि पेपर, भजन, नाटक मराठीत. दोन भाषांत वाढणं हे ओझं आहे असं मला कधी वाटलं नाही, याही मुलांना वाटत नाही. तिसरी भाषा त्यावर नीट बसते, फक्त ती बसवणाऱ्याला आधीच्या दोन ठाऊक हव्यात.

आणि इथे नोकरीच्या जाहिराती काय म्हणतात? 'नेटिव्ह स्पीकर'ला, म्हणजे इंग्रजी ज्याची मातृभाषा त्याला, एक पगार, आमच्यासारख्यांना त्याहून कमी. मुलांची भाषा येते का, हे मला एकाही मुलाखतीत विचारलं गेलं नाही. माझ्या वर्गातल्या त्या बाईंचा पगार तर माझ्याहूनही कमी आहे, हे कळलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. आपल्याकडचे पालकही हाच हिशेब करतात. शाळेच्या पाटीवरचं इंग्रजी बघतात. वर्गातली बाई मुलाशी कशी बोलते ते बघत नाहीत.

हे सगळं मी आत्येला सांगितलं. मराठी शाळेत घाल, इंग्रजी विषय म्हणून पहिल्यापासून नीट शिकू दे, आणि चौथीत मी स्वतः रोज फोनवर त्याचे दोन रकाने करून घेईन, असंही म्हटलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "बाय, सगळं खरं. पण आपल्या शाळेत आता चार वर्गांना एकच बाई आहे."

माझी सुट्टी एप्रिलमध्ये आहे. घरी गेले की पहिल्यांदा त्या बाईंना भेटणार आहे, आणि मग आत्येला आणि सुनेला दोघींनाही बरोबर घेऊन शिक्षण खात्यात जाणार आहे, दुसरी शिक्षिका मागायला.