पडायला तयार झालेला माणूस : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार वस्ताद,

होगन-आंद्रेच्या लढतीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पंधरा वर्षं अखाड्यातल्या मातीत घालवलेला माणूस बोलतो तेव्हा लगेच उत्तर देऊ नये, म्हणून दोन दिवस घेतले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : अमेरिकेतल्या रिंगमधल्या कुस्तीचे दोन मोठे गडी, हल्क होगन आणि आंद्रे द जायंट, यांची १९८७ची लढत म्हणजे ठरवून केलेलं नाटक. त्यावर दोन मोठी माणसं रात्री मोबाइलवर खिदळतात आणि खाशाबा जाधवांच्या महाराष्ट्रात त्यावर कौतुकाने लेख लिहितात, ही कुस्तीची थट्टा आहे. शिवाय आंद्रे आजारी होता, आजारी माणसाच्या शरीरावर हसणं शोभत नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. तो खरा आहे. आंद्रेच्या जबड्यावरचं एक वाक्य माझ्या लेखात होतं. त्याच्या शरीरात वाढीचं संप्रेरक गरजेपेक्षा जास्त तयार व्हायचं, त्यातून तो जबडा आणि ते हात तसे झाले होते. जानेवारी १९९३ मध्ये तो गेला तेव्हा जेमतेम ४६ वर्षांचा होता. हे माहीत असूनही मी ते वाक्य ठेवलं. काल रात्री काढून टाकलं. तुमचे आभार, आणि ज्यांना ते टोचलं त्यांची माफी.

बाकीच्या हसण्याबद्दल मात्र मला तुमच्याशी बोलायचं आहे.

२०२५च्या जुलैत होगन गेल्याची बातमी आली त्या रात्री मी आणि माझा दोस्त त्याच्या ओसरीवर मोबाइलवर तीच लढत लावून बसलो होतो. रोवणीचे दिवस, बाहेर पाऊस. दोस्त राइस मिलमध्ये हमाल आहे, वीस वर्षं धानाचे कट्टे पाठीवर वाहतो. आंद्रेला त्या छोट्या रिंगच्या आकाराच्या गाडीवर उभं करून आणताना पाहिलं आणि तो म्हणाला, "अबे, नवरदेव बंडीवर आणल्यावानी आणला ना बे याले!" होगनने अंगातली बनियन टराटरा फाडली, तर म्हणे, "नवी होती ना गा, घरी बायको बोलन ना!" मग आंद्रेने होगनला कवेत आवळून धरलं. ती मिठी इतकी लांबली की दोस्ताने जाहीर केलं, "एवढ्या वेळात त माही बांधी भरली असती पाण्यानं." बांधी म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत. आम्ही पोट धरून हसलो.

पण वस्ताद, हसता हसता तो बघत होता. लढतीच्या सुरुवातीलाच होगन आंद्रेला उचलायला जातो, जमत नाही, आणि आंद्रे त्याच्यावरच कोसळतो. दोस्ताने तिथे मोबाइल थांबवला. मागे नेला. पुन्हा लावला. स्वतः उठून ओसरीवर दोन्ही पाय फाकवले, कंबर खाली घेतली, आणि म्हणाला, "हा चुकला. कट्टा अंगाले चिकटवल्याशिवाय उचलत नाही. अन् कट्टा त बिनजिवाचा असते. हा जिता माणूस आहे. त्यानं मनावर घेतलं, त कोणाच्या बापाकडून हालत नाही तो."

मग मी त्याला सांगितलं की आंद्रेच्या पाठीवर आदल्याच वर्षी, १९८६ला, शस्त्रक्रिया झाली होती आणि त्या काळ्या पोशाखाच्या आत त्याने कमरेला आधाराचा पट्टा बांधला होता. दोस्त गप्प झाला. त्याच्याही कमरेला पट्टा असतो. पुढचं सगळं त्याने न बोलता पाहिलं : खालच्या गाद्या बाजूला सारल्या जातात, होगन उघड्या सिमेंटवर आपटतो, परत रिंगमध्ये येतो, आंद्रे पहिल्यांदा पाठीवर पडतो. मग ती उचल. लढत भरवणारी कंपनी, डब्ल्यूडब्ल्यूएफ, सांगायची त्याप्रमाणे आंद्रेचं वजन ५२० पौंड, म्हणजे २३५ किलोच्या आसपास. सहा कट्टे एकदम. ती जागा त्याने चारदा पाहिली. चौथ्यांदा म्हणाला, "यानं उचलू दिलं गा. दुखत असन तरी उचलू दिलं."

लेख लिहिला तो या एका वाक्यासाठी.

लढत ठरलेली होती हे आम्हाला ठाऊक होतं. ते लपूनही राहिलेलं नाही. १९८९ मध्ये त्याच कंपनीने न्यू जर्सीच्या कायदेमंडळापुढे स्वतःहून सांगितलं की हा खेळ मनोरंजनासाठी आहे, खरी स्पर्धा नाही. पण निकाल ठरलेला असला म्हणून वजन ठरवून कमी होत नाही, सिमेंट मऊ होत नाही. एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो. आंद्रे पंधरा वर्षं हरलाच नाही, असं त्यांनी लोकांना सांगितलं. ते धडधडीत खोटं होतं. १९८६लाच जपानमध्ये तिथल्या अंतोनियो इनोकी या मल्लाने त्याला हरवलं होतं. आणि १९८०ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर होगनने त्याला एकदा उचलून आपटलंही होतं. त्या जाहिरातीची बाजू मी घेणार नाही.

पण ठरलेलं आहे म्हणून हलकं, हे मी मानत नाही, आणि त्याला कारण आमचा मुलूख. मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या मुलखातला. दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्रभर नाटक. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून नाटक कंपन्या निघतात, पहाटेपर्यंत पडदा पडत नाही. दुसऱ्या अंकात मेलेला बाप पहाटे बसस्टँडवर चहा पिताना दिसणार, हे पहिल्या रांगेतल्या म्हातारीला माहीत असतं. तरी ती पदर डोळ्याला लावते, आणि लगेच विनोदी पात्र आलं की त्याच पदरात तोंड लपवून हसते. शहरातली मंडळी या नाटकांना भडक म्हणत आली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या, याच नाटकांतले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे किती जणांचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं आहे. त्यांनी आयुष्यभर आम्हाला हसवलं. हसलो म्हणून आम्ही त्यांना कमी लेखलं नाही. आमच्याकडे माणूस आवडला की आधी त्याची थट्टा होते.

कुस्तीबद्दल तुमच्या मनात जे आहे, ते माझ्याही मनात आहे. मातीतल्या इनामी कुस्तीत कोण पडेल ते शेवटच्या क्षणापर्यंत कुणाला ठाऊक नसतं, आणि ती थरार देणारी गोष्ट रिंगमधल्या कुठल्याच लढतीत नाही. त्यांची बरोबरी मी केली नव्हती, करणारही नाही. तुम्ही पाडायला शिकलात. आंद्रे त्या दिवशी नीट पडायला आला होता, समोरच्याला मोठं करायला. त्यालाही कस लागतो, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून जबड्याचं वाक्य गेलं, बाकी लेख राहील.

तुमची प्रतिक्रिया मी दोस्ताला वाचून दाखवली. त्याला राग आला नाही. उलट त्याने तुम्हाला एक प्रश्न विचारायला सांगितला आहे : कलाजंग डावात गडी खांद्यावर घेताना जोर कमरेतून लावायचा की गुडघ्यातून? मिलमधले नवे पोरं कंबर मोडून घेतात, त्यांना दाखवायचं आहे म्हणे. सवडीने लिहा. आणि मंडईच्या दिवसांत आमच्याकडे येणं झालं, तर ओसरी मोकळीच आहे.