मेणबत्ती विझली, सोंडे जिवंत

सुगी आटोपली की आमच्या खानापूर-बेळगावच्या ग्रुपांवर फॉरवर्डांचं पेव फुटतं. सध्याचा गाजलेला असा: तांदळाच्या पिंपात मेणबत्ती पेटवून झाकण घट्ट लावा, ज्योत विझली की ऑक्सिजन संपला, किडे मेले. घाई असेल तर सेल्फॉसची, म्हणजे गोदामात धान्यातले किडे मारायच्या विषारी औषधाची, गोळी फडक्यात बांधून टाका. किडे मारायला कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन गॅस मारलेला तांदूळ मात्र विकत घेऊ नका, गॅस दाण्यात राहतो.

ऑक्सिजन संपत नाही. हवेत तो 21 टक्के असतो, मेणबत्ती 16 च्या आसपासच मान टाकते. सोंडे, म्हणजे तांदळातले सोंडवाले किडे, मारायचे तर तो 2 टक्क्यांच्या खाली आणून दोन-तीन आठवडे तिथंच ठेवावा लागतो. मी इंद्रायणीच्या पिंपात करून बघितलं. चौथ्या दिवशी झाकण काढलं तर सोंडे आतल्या कडेनं फिरतायत, आणि भाताला मेणाचा वास! शिवाय मादी दाणा पोखरून अंडं आत घालते आणि भोक बुजवते. वरचे मेले तरी महिन्याभरात आतले बाहेर येतात.

आईचं माहेर अथणीकडं. तिथं जोंधळ्याचं पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा, असायचं, कन्नड शेजारी त्याला हगेव म्हणत. तोंड लिंपलं की दाण्यांच्या आणि किड्यांच्याच श्वासानं आतला ऑक्सिजन घटायचा, कार्बन डायऑक्साइड साठायचा. पेव उघडल्यावर आधी दिवा सोडून बघत. तो विझला तर कुणी उतरत नसे. म्हणजे ज्योत माणसाचा धोका सांगते. सोंड्याचा जीव त्याहून चिवट.

आता गॅस दाण्यात राहण्याचं. कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन भरलेलं धान्य उघडून वारं दिलं की गॅस निघून जातो. दोन्ही आपल्या श्वासातलेच. खरी अडचण वेगळी: कार्बन डायऑक्साइड 60 टक्क्यांवर अकरा दिवस टिकवायचा, थंडीत आणखी जास्त. फटीफटीच्या गोदामात तो टिकणार कसा?

सेल्फॉसचं वाचून मात्र अंगावर काटा आला. 3 ग्रॅमच्या गोळीतून 1 ग्रॅम फॉस्फिन हा विषारी गॅस सुटतो, फडकं त्याला अडवत नाही. त्यावर उतारा नाही, आणि पिंप असतं ते आपण झोपतो त्याच घरात. ही गोळी घरगुती वापरासाठी विकायला परवानगीच नाही.

आम्ही आता तांदूळ कडक वाळवून हवाबंद पिशवीत गच्च भरतो, वरची हवा दाबून काढतो, तोंड पिळून दुमडून बांधतो. रोजच्यासाठी वेगळा डबा. मोठी पिशवी पाडव्याआधी उघडायची नाही, पाहुणे आले तरी.